लेम्पीचं पातेलं

हॅरो हाऊस, केल्डन
६ ऑक्टोबर १९९६

प्रिय लेम्पी आत्या,

पोचल्यावर दोन ओळी टाक म्हणाली होतीस. पोचून पाच आठवडे झाले, तेव्हा आता चार पानं तरी टाकायला हवीत. पण रविवारचा पाव माझ्याकडे आहे. पीठ फुगेपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढंच.

तू सांगितलं होतंस त्यातलं बरंचसं तसंच आहे. चोवीस जणं, तीन मजले, एक टेलिफोन. स्वयंपाकीण नाही, रेक्टर नाही. प्रत्येकाने आठवड्याला पाच तास घरासाठी राबायचं. मला पाव आणि दुसऱ्या मजल्याची न्हाणीघरं आलीत. पावाबद्दल तक्रार नाही. न्हाणीघरांबद्दल पत्रात लिहिण्यासारखं काही नाही. जो इथे राहतो तोच इथला मालक, आणि म्हणूनच भाडं विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या निम्मं. खाण बंद पडल्यावर बाबा म्हणाले होते, "मार्नी, एक वर्ष थांब." हे घर नसतं तर मी अजून थांबलेच असते, हे मला रोज न्हाणीघर घासतानासुद्धा आठवतं.

आता खरी बातमी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कामांचं लाकडी चाक आहे. झाडू, भाज्या, कचरा, पाव, आणि सगळ्यात शेवटी लिहिलंय, 'लेम्पी'! मी डेक्स्टरला विचारलं. तो यंदाचा अध्यक्ष, कायदा शिकतो आणि मीठ मागतानासुद्धा तीन मुद्दे मांडतो. तो म्हणाला, "लेम्पी म्हणजे मोठं पातेलं घासणं. आपल्याकडे सगळ्यांची हो असल्याशिवाय काही ठरत नाही. एकाने जरी 'मी अडवतो' म्हटलं तरी गाडं थांबतं. पण ज्याने अडवलं त्याने दुसरा मार्ग शोधून आणेपर्यंत रोज जेवणानंतर ते पातेलं घासायचं." तीस माणसांचं सूप मावतं त्यात, आणि बूड दररोज करपतं. दोन वर्षांपूर्वी एकाने मांजर आणायला अडवलं होतं. तीन आठवडे घासलं आणि मग म्हणाला, "येऊ दे बाई मांजर."

मी म्हटलं, माझ्या आत्याचं नाव लेम्पी, आणि ती इथे राहायची! सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. तू ते पातेलं असं लख्ख घासत असणार की नावच पडलं. खरं ना? सगळं लिही.

तुझी,
मार्नी


साल्मी बे
१५ ऑक्टोबर १९९६

पोरी,

पत्र मिळालं. अक्षर तुझ्या बापापेक्षा बरं आहे, म्हणजे वाचता येतं.

त्या नावाचं काही मनावर घेऊ नकोस. त्या काळी आमच्या फिनिश लोकांत लेम्पी नावाच्या मुली ढीगभर. दगड फेकला तर लेम्पीलाच लागायचा. माझ्या वेळी पातेलं होतं एवढं आठवतं.

इथे बर्फ पडायला लागलाय. दुकानात माणसं येतात ती शेगडीजवळ उभं राहायला. खाणीतले सगळे घरी, त्यामुळे गप्पा पोत्याने आणि विक्री पावशेराने. तरी आपलं सहकारी दुकान चालू आहे. तुझे आजोबा म्हणायचे, जे सगळ्यांचं असतं ते बुडायला सगळ्यांना वेळ लागतो.

तुझी धाकटी कार्ला शाळा सुटली की माझ्याकडे येते आणि गल्ल्यामागे बसून गुरांच्या रोगांची पुस्तकं वाचते. काल एका गिऱ्हाइकाला तिने गाईच्या चार पोटांबद्दल ऐकवलं, तो बिचारा नुसतं लोणी घ्यायला आला होता. म्हणते, दोन वर्षांनी मार्नीच्याच घरात, मार्नीच्याच खोलीत राहणार. जनावरांची डॉक्टर होणार म्हणजे होणार.

सोबत निसूचे दोन गोड पाव पाठवलेत. वेलदोडा यंदा जरा जास्त पडलाय. शेजारचं हिरव्या दाराचं घर अजून आहे का गं?

लेम्पी आत्या


हॅरो हाऊस
१९ जानेवारी १९९७

प्रिय आत्या,

निसू चोवीस जणांत सात मिनिटं टिकला. डेक्स्टरने कागदाला चिकटलेली साखर चाटली आणि त्याला एकही मुद्दा सुचला नाही.

हिरव्या दाराचं घर नाही. तिथे गाड्या लावायची जागा आहे. कधी पाडलं ते इथे कोणालाच ठाऊक नाही.

आता आपल्याही घराची तीच गत होईल असं दिसतंय. नाताळाआधी नगरपालिकेचा अग्निसुरक्षा तपासनीस आला होता. तिसऱ्या मजल्यावरून उतरायला बाहेरून लाकडी जिना आहे ना? त्याने एका पायरीवर बोट दाबलं आणि बोट आत गेलं. १ मेपर्यंत लोखंडी जिना बसवा, नाहीतर घर बंद, म्हणाला. आपल्याकडे लोखंडापुरती शिल्लक आहे, पण कंत्राटदार मजुरी सांगतो ती ऐकून खजिनदाराला उचकी लागली.

आणि मग मिस्टर क्रेग आले. बिल्डर आहेत. दोन खोके डोनट घेऊन आले, शेवटपर्यंत गोड बोलले. घर आम्हाला विका, म्हणाले. इथे आठ मजली इमारत होईल. तुम्हा चोवीसही जणांना जवळच खोल्या देतो, याच भाड्यात, तीन वर्षं. आत्या, तीन वर्षांत आम्ही सगळेच पदवी घेऊन बाहेर पडणार! डेक्स्टर उभा राहिला आणि म्हणाला, "या खोलीतल्या एकाचंही यात नुकसान नाही. असेल तर दाखवा." कोणाला दाखवता आलं नाही. मलाही नाही, कारण कार्ला त्या खोलीत नव्हती.

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. नव्या इमारतीतलं भाडं बाबांना सात जन्मांत परवडणार नाही. कार्ला घरीच बसेल, आणि तिच्यासारख्या ज्या अजून आल्याच नाहीत त्याही. पण मी अडवलं तर कोणासाठी? माझ्या बहिणीसाठी. म्हणजे तेवीस जणांच्या सोयीआड मी आपलीच पोळी भाजून घेणार ना? आणि मी तर इथे सगळ्यात नवी.

२ फेब्रुवारीला बैठक आहे. तू सहकाराच्या दुकानात जन्म काढलास. तू सांगशील तसं करेन.

मार्नी


साल्मी बे
२६ जानेवारी १९९७

मार्नी,

अडवू नकोस.

बाकीचे तेवीस वेडे नाहीत. पदरात पडलं ते पवित्र मानावं आणि अभ्यासाला लागावं. एकटीने हात वर करून सगळ्यांच्या ताटात माती कालवायची आणि मग आयुष्यभर ते आठवत बसायचं, हे काही खरं नाही. कार्लाचं काय ते आम्ही बघू.

थंडी फार आहे. मोजे पाठवलेत.

लेम्पी आत्या


हॅरो हाऊस
९ फेब्रुवारी १९९७

आत्या,

मोज्यांबद्दल आभार. मी अडवलं.

तुझं पत्र बैठकीच्या आदल्या दिवशी आलं. तीनदा वाचलं, आणि खरं सांगते, तुझा रागच आला. कार्ला रोज तुझ्या गल्ल्यामागे बसते आणि तू 'बघू' म्हणतेस? इतका राग आला की बैठकीत माझा हात आपोआप वर गेला. डेक्स्टर म्हणाला, "मार्नी, खाजवतेयस की अडवतेयस?" मी म्हटलं, "अडवतेय. तू म्हणालास ना, नुकसान झालेला एक तरी दाखवा? माझ्या बहिणीचं नाव कार्ला, वय सोळा. तिच्यासारख्या आणखी कोण आहेत ते मला माहीत नाही, पण १९४६ साली ज्यांनी हे घर घेतलं त्यांना तरी आपण कुठे माहीत होतो?" मग कोणीतरी पातेलं आणून माझ्यापुढे ठेवलं.

एक आठवडा झाला घासतेय. बूड करपलेलं नसतं तेव्हा काहीजण मुद्दाम करपवतात असा माझा संशय आहे. दोघी माझ्याशी बोलत नाहीत. दुसरा मार्ग अजून सापडलेला नाही. १ मेपर्यंत नाही सापडला तर विकणंही नाही आणि राहणंही नाही. घराला सरळ कुलूप लागेल आणि त्या चोवीस खोल्याही माझ्यामुळे जातील.

मार्ग शोधायला माळ्यावर बैठकांच्या जुन्या वह्या काढल्या. नोव्हेंबर १९६०च्या वहीत हे सापडलं, जसंच्या तसं उतरवते: 'शेजारचे हिरव्या दाराचे घर मालकीणबाई स्वस्तात देत आहेत. ते घेऊन आणखी वीस विद्यार्थ्यांची सोय करावी अशी मिल्टन यांची सूचना. सर्वांची हो. एल. कांगास यांनी अडवले. कारण दिले नाही.'

दगड फेकला तर कोणत्या लेम्पीला लागला, आत्या?

मार्नी


साल्मी बे
२० फेब्रुवारी १९९७

मार्नी,

मलाच लागला. छत्तीस वर्षांपूर्वी लागायला हवा होता, तो आत्ता लागला.

कारण दिलं नाही, कारण सांगण्यासारखं नव्हतंच. मिल्टन आणि मी त्या उन्हाळ्यापासून बरोबर फिरत होतो. बैठकीच्या आदल्या दिवशी नाचाला त्याने एका डॉक्टरच्या मुलीबरोबर सगळी संध्याकाळ काढली. दुसऱ्या दिवशी तो उभा राहून शेजारचं घर घेण्याबद्दल इतकं छान बोलला की सगळ्यांचे डोळे चमकले. माझा नुसता जळफळाट झाला. आणि मी म्हटलं, "मी अडवते." स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, दुसरं काय!

तोपर्यंत अडवणाऱ्याला काही करावं लागत नसे. मिल्टन माझ्याकडे बघून म्हणाला, "अडव खुशाल. पण दुसरं काही सुचेपर्यंत पातेलं तू घासायचंस." सगळे हसले आणि तिथल्या तिथे तो नियम झाला. मी घासलं नाही. चार दिवसांनी पेटी भरली आणि पदवी अर्धी टाकून घरी आले. लोकांना सांगितलं, वडिलांना दुकानात मदत हवी होती. तुझ्या बापालाही हेच माहीत आहे. मालकीणबाईंनी ते घर दुसऱ्या कोणाला तरी विकलं असणार.

वीस खोल्या, मार्नी. दर वर्षी वीस पोरं धरली तरी किती झाली, ते मी कधी मोजलं नाही. मोजायची छाती झाली नाही.

म्हणून तुला अडवू नकोस म्हटलं. तुला तेवीस जणांसमोर एकटी उभी बघणं मला जमेना. माझ्या भीतीपायी तुला चुकीचा सल्ला दिला. पण तू कारण दिलंस, आणि नावानिशी दिलंस. मी अडवलं ते माझ्यासाठी. तू जिच्यासाठी अडवलंस ती इथे समोर बसून डुकरांच्या खुरांबद्दल वाचतेय. या दोन गोष्टी एक नाहीत, पोरी.

आता घासत राहा. आणि मार्ग शोध.

लेम्पी आत्या


हॅरो हाऊस
१६ मार्च १९९७

प्रिय आत्या,

तुझं पत्र स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून वाचलं आणि रडले. मग तुझ्यावर इतके दिवस चिडल्याबद्दल पातेलं दोनदा घासलं.

मार्ग सापडला आहे, म्हणजे अर्धा. ओट्यावरची पत्र्याची पेटी आठवते? घर सोडताना प्रत्येकाने तीस माणसांना पुरेल अशी एक कृती कार्डावर लिहायची, खाली नाव आणि घरचा पत्ता, आणि कार्ड पेटीत टाकायचं. कार्ड टाकलं की माणूस सुटला. नाही टाकलं तर तो घरचाच. रोज त्यातून सूप शोधतो आम्ही, पण पत्त्यांकडे पन्नास वर्षांत कोणी बघितलं नव्हतं! मी आणि डेक्स्टरने (हो, डेक्स्टरने. म्हणाला, "मी अजून विरोधातच आहे, पण तुझ्या पत्रात व्याकरणाच्या चुका आहेत.") मिळून तीनशे चाळीस पत्रं टाकली. निम्मी परत आली. पण रोझलिंड एप्स नावाच्या एक बाई, मसुराच्या वड्यांचं कार्ड, साल १९६८, त्या आता पुलांच्या इंजिनियर आहेत. स्वतः येऊन मापं घेतली, जिन्याचा नकाशा काढला, सही करून दिला. नगरपालिकेने मंजूरही केला. फुकट! फक्त एक अट घातली, वड्या करून वाढा. आम्ही केल्या. त्या खाऊन म्हणाल्या, "मी हे लिहिलं होतं? माफ करा."

मिल्टननेही उत्तर पाठवलं. ओहायोत आहे, शाळेतून निवृत्त झालाय. लिहितो: 'तब्येतीमुळे मी यायचा नाही. पण लेम्पी कांगास कुठे असेल तर तिला सांगा, पातेलं अजून तिची वाट बघतंय.' वाईट वाटून घेऊ नकोस. खाली त्याने हसरा चेहरा काढलाय.

तुझं कार्ड पेटीत नाही, बरं का. मी क वर्णाखालची सगळी पाहिली.

राहिलं एकच. लोखंड आहे, नकाशा आहे, पण हात नाहीत. इथल्या चोवीस जणांत वेल्डिंग कोणाला येत नाही. कंत्राटदार एक पैसा कमी करायला तयार नाही. सहा आठवडे उरलेत.

मार्नी


हॅरो हाऊस
६ एप्रिल १९९७

आत्या,

तीन आठवडे तुझी एक ओळ नाही. मिल्टनचं लिहिलं म्हणून रागावलीस का? नको होतं लिहायला. मिस्टर क्रेग पुन्हा येऊन गेले, डोनटांसकट. या वेळी मीसुद्धा एक खाल्ला. पुढच्या रविवारी अडवणं मागे घ्यावं असं वाटतंय. निदान या तेवीस जणांच्या खोल्या तरी वाचतील.

मार्नी


साल्मी बे
९ एप्रिल १९९७

मागे घेतलंस तर याद राख!

पत्र लिहायला सवड नव्हती. तुझं मार्चचं पत्र मी दुकानात शेगडीपाशी मोठ्याने वाचलं. सगळं, माझ्या लाजेसकट. तुझा बाप, आमचा रेइनो, कोपऱ्यात उभा होता. पंचवीस वर्षं खाणीच्या कारखान्यात ज्याने जिने, खाणीत उतरायचे पाळणे, शिड्या जोडल्या, तो गेली दोन वर्षं शेगडीतले निखारेच ढवळतोय. तो एवढंच म्हणाला, "नकाशा मागव." आणि बाहेर गेला. मला वाटलं, माझ्यावर चिडला. अर्ध्या तासाने वेल्डिंगचा मुखवटा पुसत आला.

तुझ्या आजोबांच्या वेळी कोणाचं धान्याचं कोठार जळालं की सगळं गाव जमायचं, राबायचं, पोटभर जेवून घरी जायचं. मजुरीचं नाव नाही. त्याला आम्ही ताल्कोत म्हणतो. पोरांना हा शब्द आता आजीच्या तोंडचाच वाटतो. तर २६ एप्रिलला, शनिवारी, आमचे नऊ जण येतील. यंत्रं त्यांची. लोखंड आणि जेवण तुमचं. रेइनो म्हणतो, दोन दिवस पुरे.

कार्लाही येतेय. मीही. खोली नको, ओट्याजवळ खाट टाका.

लेम्पी


साल्मी बे
४ मे १९९७

प्रिय मार्नी,

जिन्याचं मी काय सांगू, तू स्वतः त्याच्यावर नाचलीस. तपासनीसाने प्रत्येक पायरीवर बोट दाबलं, या वेळी बोटच दुखलं. डेक्स्टरच्या हातावरचे फोड बसले का? त्याला सांग, कायद्यात नाही जमलं तर तुझा बाप त्याला हाताखाली घ्यायला तयार आहे. परतीच्या वाटेवर तो सहाशे मैल शीळ घालत होता. दोन वर्षांत मी ती ऐकली नव्हती.

पण रविवारची बैठक तुला माहीत नाही. सोमवारच्या परीक्षेसाठी आम्हीच तुला ग्रंथालयात पिटाळलं होतं आणि तू परत येईपर्यंत आम्ही निघालो होतो. पोरांना मी गप्प राहायला सांगितलं होतं. म्हटलं, हे मीच लिहीन.

तर, सगळी जमली. विकायचं नाही, हे एका मिनिटात ठरलं, एकही हात आडवा आला नाही. मग डेक्स्टर उठला. म्हणाला, "आपल्या पाहुण्यांचं नाव आपण घरातल्या सगळ्यात घाणेरड्या कामाला दिलंय. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. चाकावरून ते नाव पुसावं." सगळे हात वर गेले. कार्लाचाही, तिला अधिकार नसताना.

आणि मी म्हटलं, "मी अडवते."

डेक्स्टर गडबडला. "तुम्ही... म्हणजे, मुद्दा असा, की आपण सदस्य नाही आहात." तेव्हा ती भाज्या चिरणारी उंच मुलगी उठून पेटीशी गेली, खडखड कार्डं चाळली आणि म्हणाली, "हिचं कार्ड नाही. म्हणजे ही गेलेलीच नाही." कोणाला हसावं की काय करावं कळेना. मग डेक्स्टरने विचारलं, "कारण?" वही उघडली आणि लेखणी धरून थांबला.

या वेळी मी कारण दिलं. म्हटलं, "नाव राहू द्या. एखाद्या नव्या पोरीला विचारावंसं वाटेल, ही लेम्पी कोण? मग कोणीतरी सांगेल की ती एकदा रागाने नाही म्हणाली आणि शेजारचं घर गेलं. आणि तिची भाची विचार करून नाही म्हणाली आणि हे राहिलं. दोन्ही सांगा, म्हणजे झालं." त्याने शब्दन् शब्द लिहून घेतलं.

आणि मग ते पातेलं आलं. बाई गं, किती जड! मी बाह्या सारल्या. पोरं म्हणाली, राहू द्या, आम्ही करतो. मी कोणाला हात लावू दिला नाही. पाऊण तास घासलं. बूड दिसेपर्यंत घासलं, आणि मध्येच रडू आलं तेही त्या पाण्यातच गेलं. रेइनो पंचा घेऊन शेजारी उभा होता. एवढंच म्हणाला, "तरीच म्हटलं, वडिलांनी तुला कधी बोलावलं नव्हतं." आणि पातेलं पुसून दिलं.

मिल्टनला कळव.

तू निसूची कृती मागितली आहेस, पेटीसाठी. ती कार्लाला तोंडपाठ आहे. आठ-दहा वर्षांनी डॉक्टर होऊन ती घर सोडेल तेव्हा तिच्या कार्डावर लिहील. माझं कार्ड मी एवढ्यात टाकणार नाही.

तुझी,
लेम्पी आत्या